खेळणी थोडी, खेळ फार



एखादे काम सोपे असले, की आपण म्हणतो, "हा तर पोरखेळ आहे!" पण सहा-सात लहान पोरे एका घरात दिवसभर सांभाळून पाहा. मग कळते, की पोरखेळ ही काही सोपी गोष्ट नाही. पोर खेळात रमले, तर घर शांत. पोर खेळाला कंटाळले, तर रडारड, ओढाओढ आणि कधी कधी जिवावरचे संकट.

पोर खेळण्यात का रमते आणि का कंटाळते, ते आज आपण पाहू.

मावशींची पडवी

आमचे गाव नाशिक जिल्ह्यात. कांद्याचा मुलूख. कांद्याची लागण आली, की बायका सकाळी आठला कामावर जातात. परत यायला संध्याकाळचे पाच वाजतात. घरी सासू असली, तर पोराची चिंता नाही. पण ती नसली, तर पोर ठेवायचे कुठे? तीन वर्षांच्या पुढची पोरे अंगणवाडीत जातात. पण आमची अंगणवाडी दुपारी सुटते. त्यापुढे काय? आणि त्याहून लहान पोरांचे काय?

आमच्या भावकीत एक बाई आहेत. मालक वारले. मुलगा शहरात कामाला आहे. त्या घरी एकट्याच असतात. त्यांनी आपल्या पडवीत पोरे सांभाळायला सुरुवात केली. शहरात याला पाळणाघर म्हणतात. आमच्याकडे नुसते "मावशीकडे" म्हणतात. दहा महिन्यांच्या बाळापासून साडेचार वर्षांच्या मुलापर्यंत सात पोरे तिथे असतात. त्यांत आमचा नातूही आहे. पोरांच्या आया बाजाराच्या दिवशी मावशींना ठरलेले पैसे देतात.

मावशी मनाच्या मोठ्या. पहिले पैसे हातात आले, तशा त्या जत्रेला गेल्या आणि पिशवीभर खेळणी घेऊन आल्या. मोटारी, बाहुली, शिट्ट्या, बंदूक, ढोल वाजवणारे माकड. आम्ही मोजली, अठ्ठावीस भरली! पोरे हरखून गेली. पण नव्याचे नऊ दिवस. पुढच्याच आठवड्यात खेळणी पडवीभर लोळू लागली. कोणी त्यांवर पाय देई, कोणी ती ओट्यावरून खाली फेकी. आणि पोरे पुन्हा रडू लागली.

मावशी आम्हांला म्हणाल्या, "गुरुजी, एवढी खेळणी आहेत, तरी पोरं रमत नाहीत. आता आणखी कुठून आणू?"

मग रडे थांबवायला त्या पोरांच्या हाती मोबाईल देऊ लागल्या. एक दिवस मोबाईलवरून दोन पोरांत ओढाओढ झाली. अडीच वर्षांच्या मुलाने दोन वर्षांच्या मुलीच्या दंडाला कडकडून चावा घेतला. दंडावर दात उमटले. मुलीची आई संतापली. "माझी पोर मी शेतावर नेईन, पण इथे ठेवणार नाही," असे म्हणून ती मुलीला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी आई कांदे लावत होती. पोर बांधावर बसली होती. आईची पाठ वळली आणि पोर चालत चालत शेततळ्याकडे गेली. शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद असतो. तो गुळगुळीत असतो. पाय घसरला, तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. एका बाईची नजर गेली आणि तिने पळत जाऊन पोर उचलली. चार पावलांचे अंतर राहिले होते.

हे ऐकून मावशी रडू लागल्या. म्हणाल्या, "मी हे बंदच करते."

आम्ही विचार केला. मावशींनी पडवी बंद केली, तर सात घरांतल्या बायकांची मजुरी बंद होईल. नाहीतर सात पोरे बांधावर बसतील. म्हणजे खेळण्यांचा प्रश्न खेळण्यापुरता राहिला नाही. आम्ही म्हणालो, "वहिनी, पंधरा दिवस थांबा. आपण काही तरी करून पाहू."

आमचीही चूक

आम्ही मोठे शहाणे होतो, असे समजू नका. आम्ही मॅट्रिक होऊन मास्तरकीत शिरलो आणि हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. पण खेळण्यांच्या बाबतीत आम्हीही चुकलो होतो. ती चूक इथे सांगतो.

आम्ही एका शाळेवर होतो. तिथे पहिलीच्या मुलांसाठी खेळण्यांची एक पेटी आली. लाकडी ठोकळे, मोठे मणी, लाकडी प्राणी. फार छान होती. आम्ही प्रत्येक वस्तूची नोंद जडवस्तू नोंदवहीत केली आणि पेटी कपाटात ठेवून कुलूप लावले. भीती एकच. वस्तू हरवली, तर तपासणीच्या वेळी जाब कोण देणार? मुले खिडकीतून पेटीकडे बघत. आम्ही म्हणायचो, "उद्या काढू हं."

तो उद्या आला नाही. आमची बदली झाली. कारभार दुसऱ्या गुरुजींच्या हाती देताना कपाट उघडले. पेटीला वाळवी लागली होती. नोंदवहीत सगळे पूर्ण होते. कपाटात मात्र माती होती.

पुढे आम्ही मारिया माँटेसरी बाईंविषयी वाचले. त्या इटली देशातल्या डॉक्टर. १९०७ साली त्यांनी रोम शहरातल्या गरीब वस्तीत लहान मुलांसाठी "बालगृह" सुरू केले. तिथे सामानाचे कपाट कुलपात असे. एक दिवस बाई कुलूप लावायला विसरल्या. त्या उशिरा आल्या, तर मुलांनी कपाट उघडले होते आणि जो तो आपल्याला हवी ती वस्तू घेत होता. शिक्षिकेला वाटले, ही चोरी झाली. माँटेसरी बाई म्हणाल्या, नाही. मुलांना आपल्याला काय हवे ते समजते. त्यांनी मुलांच्या हाताला पोचतील अशी बुटकी, उघडी कपाटे करून घेतली.

त्याच बालगृहात चांगली चांगली खेळणीही ठेवली होती. मुले त्यांना क्वचितच हात लावत. हाताला काही खरे काम मिळाले, की मुले त्यातच रमून जात.

हे वाचून आम्हांला आमची वाळवी लागलेली पेटी आठवली. आम्ही सगळे कुलपात ठेवले होते. मावशींनी सगळे जमिनीवर ओतले होते. दोन्ही रीती चुकीच्याच.

पोर का कंटाळते?

कारणे चार आहेत. नीट ध्यानात घ्या.

पहिले कारण : सगळी खेळणी एकदम पुढे असतात. लग्नाच्या पंगतीत पानात वीस पदार्थ वाढले, तर आपण कशालाच न्याय देत नाही. पोराचेही तसेच. ते एक उचलते, दुसरे दिसते, पहिले टाकते. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या लोकांनी हे तपासून पाहिले. दीड ते अडीच वर्षांची ३६ मुले घेतली. एकदा मुलापुढे १६ खेळणी ठेवली, एकदा ४ च ठेवली. चार खेळणी होती, तेव्हा मूल एकाच खेळण्याशी जास्त वेळ खेळले. शिवाय त्याच खेळण्याशी निरनिराळ्या तऱ्हेने खेळले. हे निष्कर्ष २०१८ साली छापले गेले.

दुसरे कारण : खेळणे सगळे आपणच करते. चावी दिली, की माकड ढोल वाजवते. पोराने काय करायचे? नुसते बघायचे. दोनदा बघितले, चारदा बघितले, संपले. याउलट रिकामा डबा घ्या. तो वाजवता येतो, भरता येतो, ओतता येतो, घरंगळता येतो, डोक्यावर टोपी म्हणून घालता येतो. डबा स्वतः काही करत नाही, म्हणून पोराला सगळे करावे लागते. पोर त्यातच रमते.

तिसरे कारण : खेळणे वयाला जुळत नाही. दहा महिन्यांच्या बाळाला ठोकळ्यांचे घर बांधता येत नाही. चार वर्षांच्या मुलाला खुळखुळा नको असतो. पायात मावत नाही ती वहाण काय कामाची?

चौथे कारण : पोर खेळण्याला नव्हे, दुसऱ्याच कशाला कंटाळलेले असते. त्याला भूक लागलेली असते, झोप आलेली असते, नाहीतर अंगात कसर असते. कधी नुसती आईची आठवण येत असते. अशा वेळी सोन्याचे खेळणे दिले, तरी ते फेकून देईल. आधी पोट आणि झोप पाहावी, मग खेळ पाहावा.

पाळीचे खेळणे

शेतकऱ्याला पाळी सांगायला नको. पिकाला पाणी पाळीने देतात. रोज देत राहिले, तर मुळे कुजतात. मुळीच दिले नाही, तर पीक वाळते. खेळण्यांचेही असेच आहे.

आम्ही आणि मावशी एका दुपारी बसलो. पोरे झोपली होती. अठ्ठावीस खेळणी समोर मांडली. फुटकी, धारेची आणि धोक्याची अकरा निघाली. ती बाजूला काढली. राहिली सतरा. त्यांत घरातल्या दहा वस्तू घातल्या. डबे, करवंट्या, चाळणी, लाकडी पळी असे. झाल्या सत्तावीस. त्यांचे तीन वाटे केले. तीन टोपल्यांत नऊ-नऊ वस्तू.

एक टोपली पडवीत. दोन माळ्यावर. पोरांच्या नजरेआड.

दर टोपलीत सर्व तऱ्हेच्या वस्तू असाव्यात. काही भरण्या-ओतण्याच्या, काही रचण्याच्या, काही ढकलण्या-ओढण्याच्या, काही लुटुपुटूच्या संसाराच्या. ज्या वस्तूवरून भांडणे होतात, तिच्या दोन ठेवाव्यात. दोन गाड्या असल्या, की निम्मी भांडणे कमी.

वस्तू जमिनीवर ओतू नयेत. आम्ही भिंतीला लागून एक बुटकी फळी विटांवर ठेवली. तिच्यावर वस्तू थोड्या थोड्या अंतराने मांडल्या. प्रत्येक वस्तू पोराला नीट दिसते आणि हाताने घेता येते. खेळून झाले, की ती तिथेच ठेवायची. दोन वर्षांचे पोरसुद्धा हे शिकते. आपण आधी चार दिवस त्याच्याबरोबर ठेवावे लागते, एवढेच.

टोपली केव्हा बदलायची? आम्ही बाजाराचा दिवस धरला. ध्यानात राहायला सोपा. पण पोराकडे पाहावे, वाराकडे नव्हे. पोरे एखाद्या वस्तूत रमली असतील, तर ती काढू नये. कंटाळली असतील, तर दोन दिवस आधी बदलावी. आणि एक गोष्ट पक्की. एखादे पोर एखादी बाहुली किंवा फडके उराशी धरून झोपते. ती वस्तू पाळीत घालू नये. तो त्याचा आधार असतो.

तीन आठवड्यांनी पहिली टोपली माळ्यावरून पुन्हा उतरली. पोरे त्या जुन्या वस्तूंवर अशी धावली, जणू जत्राच भरली! पैसा एक लागला नाही.

वय तसा खेळ

हाताची पाचही बोटे सारखी नसतात. एकाच वयाची दोन पोरेही सारखी नसतात. तरी साधारण अंदाज असा.

सहा महिन्यांच्या आसपास बाळ वस्तू पकडते आणि तोंडात घालते. तोंड हीच त्याची परीक्षा. त्याला धुता येणारी, मोठी, गुळगुळीत वस्तू द्यावी.

नऊ-दहा महिन्यांचे बाळ वस्तू पुन्हा पुन्हा खाली टाकते. आई चिडते. पण ते खोडी काढत नाही. वस्तू पडते कशी, आवाज होतो कसा, आई उचलून देते का, हे ते शिकत असते. याच सुमाराला त्याला कळू लागते, की झाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. म्हणून वाटीखाली लिंबू लपवून शोधायला लावावे. पदराआड तोंड लपवून "बुवा कुक" करावे. ते खदखदून हसेल.

एक ते दीड वर्षाचे पोर भरते आणि ओतते. डब्यात करवंटी घाल, काढ, पुन्हा घाल. चालायला लागलेले पोर ढकलते आणि ओढते. आपला पांगुळगाडा याच वयाचा.

दोन वर्षांचे पोर लुटुपुटूचे खेळते. काडीचा मोबाईल कानाला लावते. बाहुलीला भरवते.

तीन-चार वर्षांचे पोर निवडते, जुळवते, रचते. लाल एकीकडे, पिवळे एकीकडे. भातुकली मांडते. "तू आई, मी दुकानदार" असे ठरवून खेळते. बोलायला, थांबायला, पाळी पाळायला ते इथेच शिकते. पुढे शाळेत वाचायला-मोजायला जी बुद्धी लागते, तिची मशागत इथे होते.

खेळणी आपल्याच घरची

कोणी म्हणेल, आम्ही गरीब माणसे, एवढी खेळणी कुठून आणायची? त्यांना एक खरी हकिकत सांगतो.

ताराबाई मोडक यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर ताराबाईंनी काम केले. १९४५ साली त्या समुद्राकाठच्या बोर्डी गावी आल्या. हे गाव आता पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गावची गरीब मुले बालवाडीत येईनात. मग ताराबाई मुलांच्या वस्तीतच गेल्या आणि अंगणात वर्ग भरवला. त्यातून "अंगणवाडी" हा शब्द आला. देशात १९७५ साली सरकारी योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही पुढे हेच नाव मिळाले.

माँटेसरीचे साहित्य महाग. ते गावाला परवडणारे नव्हते. म्हणून या दोघींनी आसपासच्या वस्तू घेतल्या. शिंपले, दगड, पाने, फुले, बिया. मोजायला शिंपले, रंग ओळखायला पाने-फुले. मुले शिकली आणि रमली.

आपल्याकडे काय कमी आहे? चिंध्यांची बाहुली करा. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी करा. पोळ्याला मातीचे बैल करतोच, ते पोरांच्या हातूनही करवा. मक्याची कणसे सोलून झाली, की आतले बुरकुंडे रचायला छान. नारळाच्या करवंट्या घासून गुळगुळीत करा. एक परात, थोडे पाणी आणि दोन वाट्या दिल्या, तर पोर अर्धा तास हलत नाही. मात्र पाण्याजवळून आपण क्षणभरही उठायचे नाही. लहान पोराला बुडायला वितभर पाणीही पुष्कळ होते. खेळ झाला, की परात लगेच पालथी घालावी.

मोठ्या माणसाचे काम

खेळणे कितीही चांगले असो, त्याला माणसाची जोड लागते. मावशी आधी खेळणी टाकून आपल्या कामाला लागत. आम्ही त्यांना म्हणालो, "नवी टोपली काढली, की पहिला अर्धा तास पोरांत बसा."

बसायचे, पण हुकूम करायचा नाही. "असं नाही, तसं कर" म्हणू नये. पोर करवंटीची टोपी करते, करू द्यावी. ते काय करते, ते शब्दांत सांगावे. "अरे वा, डबा भरला! आता रिकामा झाला." शब्द असे कानावर पडले, की पोर लवकर बोलू लागते. खेळ रंगला, की आपण हळूच उठावे. रंगलेल्या पोराला उगाच हाक मारू नये.

भांडण झाले, तर "गप बसा" म्हणून भागत नाही. दोन वर्षांच्या पोराला "वाटून घे" हे अजून कळत नाही. त्याच्या हाती दुसरी तशीच वस्तू द्यावी. तीन-चार वर्षांच्या पोरांना पाळी लावून द्यावी. "याच्या दहा फेऱ्या, मग तुझ्या दहा." मोजताही येते आणि न्यायही होतो. चावणाऱ्या पोराला चावून दाखवू नये, मारू नये. बोलता येत नाही, म्हणून ते चावते. त्याला ठामपणे थांबवावे. ज्याला लागले, त्याला आधी जवळ घ्यावे.

मोबाईलचे काय?

मोबाईल म्हणजे ढोल वाजवणाऱ्या माकडाचा मोठा भाऊ. सगळे तोच करतो, पोर नुसते बघते. पोर गप्प होते खरे, पण ते खेळत नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडद्यापुढे बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको. त्याहून कमी तर अधिक चांगले. मावशींनी मोबाईल खुंटीवरच्या पिशवीत ठेवला. पहिले तीन दिवस पोरांनी घर डोक्यावर घेतले. चौथ्या दिवशी विसरली.

जिवाला जपा

बाजूला काढलेल्या अकरा खेळण्यांत काय होते, ते सांगितले पाहिजे.

लहान तुकडे सुटणारी खेळणी होती. तीन वर्षांच्या आतले पोर सगळे तोंडात घालते. सव्वा इंचाहून कमी रुंदीची वस्तू त्याच्या हाती नको. दहा रुपयांचे नाणे डोळ्यांपुढे आणा. त्याहून थोडी मोठी वस्तूही घशात अडकू शकते. चिंचोके, मणी, गोट्या, सागरगोटे, शेंगदाणे, फुटलेले फुगे हे सगळे मोठ्या पोरांचे. लहानांपासून ते दूर ठेवावे.

माकडात गोल चपटा सेल होता. बटणासारखा दिसतो. पोराने तो गिळला, तर दोन तासांत आत भाजून जखम होऊ शकते. असे झाल्याची नुसती शंका आली, तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे. उद्यावर टाकू नये.

रानातल्या काही बिया विषारी असतात. लाल-काळी गुंज, एरंडी, मोगली एरंड. गुंज दिसायला सुंदर, म्हणून पोरे वेचून आणतात. ती खेळात कधीही घेऊ नये.

वस्तू घशात अडकली आणि पोर जोरात खोकत असेल, तर खोकू द्यावे. आवाज निघत नसेल, तर वेळ दवडू नये. एक वर्षाच्या आतले बाळ हातावर पालथे, डोके खाली असे धरावे. दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच थापा माराव्यात. वस्तू निघाली नाही, तर बाळ उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबावे. मोठ्या पोराला पुढे वाकवून पाठीत पाच थापा माराव्यात. तरी निघाली नाही, तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ धरून, आत आणि वर असे पाच हिसके द्यावेत. वस्तू निघेपर्यंत आळीपाळीने हेच करत राहावे. डोळ्यांना दिसत नसेल, तर घशात बोट घालून चाचपू नये. वस्तू आणखी आत जाते. दुसऱ्या माणसाला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगावे. ही रीत आरोग्य केंद्रात जाऊन एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावी.

खेळणे विकत घ्यायचे, तर आयएसआयची खूण पाहावी. १ जानेवारी २०२१ पासून दुकानातल्या खेळण्यांवर ती सक्तीची झाली आहे. नोंदणी केलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. म्हणून लाकडी खेळणे घेताना रंगाचे टवके निघत नाहीत ना, एवढे मात्र पाहावे.

पुढे काय झाले?

पंधरा दिवसांत सगळे गोड झाले, असे नाही. पोरे अजून भांडतात. पण रडारड कमी झाली. मावशींना दुपारी घोटभर चहा प्यायला वेळ मिळू लागला. त्या पोरीची आई महिनाभर आली नाही. मग एक दिवस कामावर जाताना ती पडवीच्या दारात उभी राहिली. आत पोरे बुरकुंड्यांचा मळा लावत होती. तिची पोर आईच्या कडेवरून खाली उतरली आणि त्यांच्यात जाऊन बसली. जो चावला होता, त्याने तिला एक बुरकुंड दिले. आई काही बोलली नाही. पिशवी खुंटीला अडकवून ती कामावर गेली.

आता आमचा नातू कधी विचारतो, "आजोबा, माळ्यावर काय आहे?" आम्ही म्हणतो, "बाजाराच्या दिवशी कळेल हं." फरक एवढाच, की आता तो बाजाराचा दिवस खरोखर येतो.

लक्षात ठेवा

थोडी खेळणी पुढे ठेवा, बाकीची झाकून ठेवा.
पाळीपाळीने बदला.
जे स्वतः काही करत नाही, तेच खेळणे चांगले.
वय पाहून द्या. भूक आणि झोप आधी पाहा.
थोडा वेळ स्वतः पोरांत बसा.
लहान वस्तू, बटणासारखे सेल, गुंज, पाणी यांपासून जपा.

विचार करा आणि सांगा

१. मावशींच्या घरी अठ्ठावीस खेळणी होती. तरी पोरे का कंटाळली?
२. गुरुजींनी शाळेत कोणती चूक केली?
३. तुमच्या घरातल्या कोणत्या पाच वस्तू पोराला खेळायला देता येतील? त्यांची नावे लिहा.
४. तुमच्या घरात पोराच्या हाती लागू नये, अशी कोणती वस्तू आहे? ती आजच उचलून ठेवा.